आबांच्या गाडीचे ३१,८०० रुपये: बिल वाचायचं कसं आणि द्यायचं किती

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या वडिलांना, आबांना, वय ६८, हृदयविकाराचा झटका आला. चोपड्याहून भाड्याच्या गाडीने जळगावला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी रात्रीच नाशिकला हलवायला सांगितलं. रुग्णालयाच्या काउंटरवरूनच 'कार्डियाक' गाडी बोलावली गेली आणि फोनवर 'अठ्ठावीस रुपये किलोमीटर' एवढंच बोलणं झालं. भाऊंनी मनात अडीचशे किलोमीटर धरून सात हजारांचा हिशोब केला. नाशिकला पोचल्यावर ड्रायव्हरने मागितले म्हणून पंधरा हजार दिले. आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ३१,८०० रुपयांच्या बिलाचा फोटो आला. आता बाकीच्या १६,८०० साठी रोज फोन येतोय. विमा कंपनी म्हणते आम्ही दोन हजारच देऊ. आबा घरी आहेत, पण पुढच्या महिन्यात बायपाससाठी पुन्हा नाशिकला न्यायचं आहे. 'आमची फसवणूक झाली का? पैसे द्यायचे का? आणि पुन्हा एवढाच खर्च येणार का?' असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, आबा घरी आहेत हे वाचून बरं वाटलं. मी जळगाव आणि धुळ्याच्या खासगी रुग्णालयांत सतरा वर्षं बिलिंगच्या आणि विम्याच्या टेबलावर बसले. आता ते काम सोडलंय आणि लोकांना बिलं वाचून द्यायला मदत करते. अशा गाड्या मी स्वतः शेकड्यांनी बोलावून दिल्यात, म्हणून या बिलातली प्रत्येक ओळ कुठून येते ते मला माहीत आहे.

फसवणूक झाली का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तो मनात धरून फोन केला की समोरचा चिडतो, तुम्ही चिडता, आणि हिशोब तसाच राहतो. अडचण अशी आहे की पैसे कशाचे हे कोणीच तुम्हाला सांगितलं नाही, आणि त्या रात्री ते विचारायच्या मनःस्थितीत तुम्ही नव्हतात. कोणीच नसतं. केळीची गाडी भरताना आपण काट्याची चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय गाडी हलू देत नाही, पण बाप स्ट्रेचरवर असताना चिठ्ठी मागायचं सुचत नाही. त्यात तुमची काही चूक नाही. ती चिठ्ठी आता मागायची आणि तिच्यातली एकेक ओळ तपासायची. काही ओळी खऱ्या निघतील, त्यांचे पैसे द्यायचे. काही निघणार नाहीत.

तुम्ही पाठवलेला बिलाचा फोटो मी मोठा करून पाहिला. लेटरहेडवर पेनाने लिहिलेल्या सहा ओळी आहेत: ५६० किलोमीटर गुणिले २८, म्हणजे १५,६८०. व्हेंटिलेटर ५,०००. डॉक्टर ६,०००. ऑक्सिजन २,५००. टोल १,१२०. नाइट चार्ज १,५००. बेरीज बरोबर आहे. पण बिलाला क्रमांक नाही, गाडीचा नंबर नाही, रुग्णाचं नाव नाही, कुठून कुठे तेही नाही. त्याकडे नंतर येते.

किलोमीटरपासून सुरू करू, कारण तुमचा सात हजारांचा अंदाज तिथेच चुकला. जळगाव ते नाशिक, एरंडोल-पारोळा-धुळे-मालेगाव-चांदवड या रस्त्याने, साधारण अडीचशे किलोमीटर. रुग्णवाहिका मात्र भाडं येऊन-जाऊन धरते. नाशिकहून जळगावला परत येताना तिला रुग्ण मिळेलच असं नसतं, डिझेल आणि ड्रायव्हर दोन्ही वेळा लागतातच. हा रिवाज सगळीकडे आहे आणि मला तो वाजवी वाटतो. म्हणजे ५०० किलोमीटर, १४,००० रुपये. इथे मनात राग धरू नका. फोनवर त्यांनी 'येऊन-जाऊन' हा शब्द उच्चारायला हवा होता, तेवढी तक्रार खरी आहे.

आता ५६० का, हा प्रश्न उरतो. वरचे ६० बहुधा गाडी जिथे उभी असते तिथपासून आणि परत तिथपर्यंत, ज्याला ते 'गॅरेज टू गॅरेज' म्हणतात, किंवा नाशिकमध्ये फिरल्याचे. गाडी जळगावातच उभी होती आणि तुमच्यापर्यंत पंधरा मिनिटांत आली असं तुम्हीच लिहिलंय. मग साठ किलोमीटर बसत नाहीत. निघतानाचं आणि पोचल्याचं मीटरचं रीडिंग मागा. चांगल्या मालकाच्या गाडीत ट्रिप शीट असते, त्यावर रीडिंग, वेळ आणि ड्रायव्हरची सही असते. ट्रिप शीट नसेल तर नकाशावरचं अंतर दुप्पट करून तेवढंच मान्य करा. फरक १,६८० रुपयांचा आहे.

व्हेंटिलेटरच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. तुम्ही लिहिलंय की आबा वाटेत बोलत होते आणि मालेगावच्या अलीकडे त्यांनी पाणी मागितलं. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलेला माणूस बोलू शकत नाही आणि पाणी मागू शकत नाही. घट्ट मास्क लावून मशीनने हवा देण्याचाही एक प्रकार असतो, त्यात माणूस शुद्धीवर असतो. तसं काही लावलं असेल तर ते जळगावच्या रेफरल चिठ्ठीत आणि नाशिकच्या कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, पहिल्या कागदावर लिहिलेलं असणार. नाशिकला पोचल्याक्षणी तिथल्या डॉक्टरने 'रुग्ण कशावर आला' याची नोंद केलेली असते: साध्या मास्कवर ऑक्सिजन, इतके लिटर, नाडी इतकी, रक्तदाब इतका. त्या कागदाची प्रत मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यावी लागतात. त्यावर व्हेंटिलेटरचा उल्लेख नसेल तर ही ओळ गेली.

मालक म्हणेल, 'मशीन गाडीत तयार होतं, लागलं असतं तर लावलं असतं.' याला उत्तर आहे. भारतात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे, त्यात ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार केलेत. बी म्हणजे रुग्णाला फक्त नेण्या-आणण्याची साधी गाडी, सी म्हणजे प्राथमिक जीवरक्षक, डी म्हणजे प्रगत जीवरक्षक, ज्याला आपण बोलण्यात कार्डियाक किंवा आयसीयू गाडी म्हणतो. डी प्रकारच्या गाडीत मॉनिटर, शॉक देण्याचं यंत्र आणि व्हेंटिलेटर असायलाच हवं, म्हणून तर तिचा दर साध्या गाडीपेक्षा जास्त. कार्डियाक गाडीचा दर घ्यायचा आणि तिच्यातल्या यंत्राचे वेगळे पैसे लावायचे, हे एकाच वस्तूचे दोनदा पैसे झाले. शिवाय ती गाडी खरंच डी प्रकारची होती का, हेही पाहा. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की वाहनाचा वर्ग, म्हणजे ती रुग्णवाहिका म्हणून नोंदवली आहे का, ते दिसतं. तुमच्याकडे नंबर नाही असं म्हणालात. नाशिकच्या रुग्णालयाच्या गेटवर नोंदवही असते, ड्रायव्हरचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहेच, आणि तुमच्या धाकट्या भावाने गाडीत आबांचा फोटो काढला असेल तर त्यात दारावरचा नंबर आलाही असेल. आमच्याकडे एका कुटुंबाचं प्रकरण अशाच एका फोटोवर सुटलं होतं. आजीचा हात धरलेला फोटो होता आणि मागे काचेवर एम.एच. १९ पासूनचे सगळे आकडे उलटे दिसत होते.

डॉक्टरची ओळ मात्र मी लगेच खोडणार नाही. तुम्ही लिहिलंय, 'टी-शर्टातला एक मुलगा मागे बसला होता, धुळ्यापर्यंत मोबाईलच पाहत होता.' तो डॉक्टर असू शकतो. १०८ च्या गाड्यांवरही बरेचदा बीएएमएस डॉक्टर असतात आणि ते चांगलं काम करतात. रात्रभर जागून दहा तासांचा प्रवास करणाऱ्या खऱ्या डॉक्टरचे सहा हजार मला फार वाटत नाहीत. पण तो तंत्रज्ञ असेल तर सहा हजार नाहीत. म्हणून नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा, बीएएमएस असेल तर महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेचा क्रमांक असतो, दोन्ही तपासता येतात. आणि डॉक्टर सोबत होता म्हणजे ट्रान्सफर नोट असायला हवी, म्हणजे वाटेत दर अर्ध्या तासाला घेतलेला रक्तदाब, नाडी, ऑक्सिजनचं प्रमाण आणि खाली सही. ती नोट नाशिकच्या फाइलला लागलेली असते. ती नसेल तर 'डॉक्टर' या शब्दाला आधार उरत नाही.

ऑक्सिजनचं गणित मी नेहमी कागदावर करून दाखवते. आबांच्या रेफरल चिठ्ठीवर 'चार लिटर' लिहिलंय, म्हणजे मिनिटाला चार लिटर. प्रवास पाच तासांचा, म्हणजे तीनशे मिनिटं. बाराशे लिटर. लहान सिलिंडर, ज्याला बी टाइप म्हणतात, त्यात साधारण पंधराशे लिटर मावतो. उंच डी टाइपमध्ये सात हजार. म्हणजे आबांना एक लहान सिलिंडरही पूर्ण लागला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, केंद्राने सिलिंडरमधल्या वैद्यकीय ऑक्सिजनला भरणाऱ्याच्या दारात घनमीटरला २५.७१ रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, कर वेगळा. बाराशे लिटर म्हणजे १.२ घनमीटर. त्या दराने ३१ रुपये होतात. मी असं म्हणत नाही की ३१ रुपयेच द्या. सिलिंडर आणणं, नळी, मास्क, जास्तीचा भरलेला सिलिंडर सोबत ठेवणं, याला खर्च येतो, आणि जास्तीचा सिलिंडर ठेवलाच पाहिजे. पाचशे रुपये मी निःशंक देईन. अडीच हजारांसाठी मात्र त्यांनी हिशोब दाखवावा.

टोल. राष्ट्रीय महामार्गांवर रुग्णवाहिकेला टोल माफ आहे, आणि तुमचा धुळ्यापुढचा लळिंग, चांदवड, पिंपळगाव बसवंतचा टोल राष्ट्रीय महामार्गावरचाच. फास्टॅग नीट नोंदवलेला नसला की कधी पैसे कापले जातात हेही खरं आहे, पण तसं असेल तर फास्टॅगच्या खात्यावर तारीख आणि वेळेसकट दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट दिला तर कापले गेलेले पैसे द्यावेत की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या मते देऊ नयेत, कारण टॅग नीट करून घेणं हे मालकाचं काम. एक सांगते, काही जणांच्या बिलात जीएसटीही लावलेला मी पाहिलाय. रुग्णाला रुग्णवाहिकेने नेण्याच्या सेवेवर जीएसटी नाही. तुमच्या बिलात तो नाही, पण दुसऱ्या कोणाच्या असेल तर सरळ काढून टाकायला सांगा.

नाइट चार्ज आधी सांगितला असेल तर द्या. इथे सांगितलेला नाही.

आता बेरीज नव्याने करू. ५०० किलोमीटरचे १४,०००. ऑक्सिजन ५००. सोबत खरा डॉक्टर होता असं कागदावर दिसलं तर ६,०००. एकूण २०,५००. पंधरा हजार दिलेत, म्हणजे साडेपाच हजार द्यायचे राहतात. डॉक्टर नसून तंत्रज्ञ होता असं दिसलं तर त्याचे दोन हजार धरा, एकूण १६,५००, राहिले दीड हजार. व्हेंटिलेटर खरोखर लावला होता असं नाशिकच्या कागदावर निघालं तर बोलणं वेगळं होईल. अठ्ठावीसचा दर जिल्ह्याच्या ठरलेल्या दरात बसतो का, हेही तपासायचं राहिलंय. रुग्णवाहिकांचे दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं, ते गाडीच्या प्रकाराप्रमाणे वेगळे असतात आणि वेळोवेळी बदलतात. जळगावच्या परिवहन कार्यालयात साध्या अर्जाने चालू दरपत्रक मागा. मिळालं की तुमचा आकडा त्याप्रमाणे वर-खाली करा.

कदाचित तुम्हाला वाटलं असेल की मी 'एक पैसा देऊ नका' असं सांगेन. तसं सांगणार नाही. रात्री दोन वाजता गाडी आली, आबा जिवंत पोचले, ड्रायव्हरने चांदवडच्या घाटात गाडी नीट चालवली. त्या कामाचे पैसे पूर्ण द्यायचे. पण आपल्या लोकांना आणखी एक सवय आहे: 'माणूस वाचला ना, मग हिशोब काय करायचा.' या भावनेपोटी मी लोकांना पीककर्जाचे पैसे काढून असली बिलं भरताना पाहिलंय. उपकार वाटत असेल तर ड्रायव्हरला घरी बोलावून जेवायला घाला. हिशोब हिशोबाच्या जागी राहू द्या.

यात माझा स्वतःचाही एक सल आहे. २०१५ च्या सुमाराला नवापूरकडच्या एका आदिवासी कुटुंबाला मी आमच्या काउंटरवरून सुरतेची गाडी लावून दिली. दर विचारला नाही, प्रकार विचारला नाही, नेहमीच्या नंबरवर फोन फिरवला आणि 'निघा' म्हटलं. पंधरा दिवसांनी तो मुलगा बिल घेऊन परत माझ्याकडे आला. बैलजोडी विकून पैसे भरून टाकले होते, त्याला फक्त बिलात काय लिहिलंय ते वाचून हवं होतं. वाचताना मला कळलं की त्यात अर्ध्या ओळी नसत्या तरी चाललं असतं. त्या दिवसापासून मी गाडी बोलावताना फोन स्पीकरवर ठेवायला लागले, नातेवाइकांच्या समोर. दर, येऊन-जाऊन की एकेरी, सोबत कोण, आणि काय वेगळं लागेल, हे चार प्रश्न विचारायला एक मिनिट पुरतं.

ही गोष्ट सांगायचं आणखी एक कारण आहे. तुमची गाडी रुग्णालयाच्या काउंटरवरून बोलावली गेली. त्यामुळे रुग्णालयालाही विचारता येतं. गाडी रुग्णालयाची होती की बाहेरची? बाहेरची असेल तर कोणत्या व्यवस्थेखाली बोलावली? काही ठिकाणी गाडीवाला काउंटरला कमिशन देतो आणि ते रुग्णाच्या बिलातून वसूल होतं. तुमच्या बाबतीत तसं झालं असं मी म्हणत नाही. पण रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला एक पत्र गेलं की गाडीमालक बरेचदा लगेच खाली उतरतो, कारण त्याचा रोजचा धंदा त्या काउंटरवर असतो. शुश्रूषागृहांच्या, म्हणजे खासगी रुग्णालयांच्या, नोंदणीचे राज्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले, त्यात रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आलंय. तिचा उल्लेख पत्रात करा.

पत्र कसं लिहायचं ते सांगते. फोनवर बोलणं थांबवा. पुढचा फोन आला की एवढंच म्हणा, 'भाऊ, तुमचं बिल मिळालं, मी लेखी उत्तर देतोय, ते वाचून बोलू.' आवाज चढवू नका, 'पाहून घेतो' म्हणू नका. मग मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टाने, दोन्हीकडे पाठवा. मजकूर साधारण असा:

'दिनांक अमुक रोजी माझ्या वडिलांना जळगावहून नाशिकला आपल्या गाडीने नेण्यात आले, त्याबद्दल आभार. आपण पाठवलेल्या ३१,८०० रुपयांच्या बिलाबाबत पुढील कागद मिळावेत: गाडी क्रमांक व ट्रिप शीट, सोबतच्या डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक, ट्रान्सफर नोट, व्हेंटिलेटर वापरल्याची नोंद, टोल कापल्याचा पुरावा, आणि दिलेल्या १५,००० रुपयांची पावती. कागद मिळाल्यावर योग्य ती बाकी रक्कम मी सात दिवसांत देईन. तोपर्यंत फोन करू नयेत ही विनंती.'

यातली 'बाकी रक्कम देईन' ही ओळ गाळू नका. पैसे बुडवायचे नाहीत, हिशोब हवाय, हे त्यातून दिसतं, आणि उद्या प्रकरण पुढे गेलं तर तुमच्या बाजूने तेच पान सगळ्यात जास्त बोलेल. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ वेळा या पत्रानंतर मालकाचा फोन येतो आणि आकडा बोलायला तो तयार होतो. तेव्हा वरचा हिशोब समोर ठेवा, ठरलेली रक्कम बँकेतून द्या, रोख नको, आणि 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेली पावती घ्या. पावतीवर गाडी क्रमांक, रुग्णाचं नाव, तारीख, कुठून कुठे, हे सगळं लिहून घ्या. विम्यासाठी लागणार आहे.

मालक ऐकतच नाही असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवा, मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवली की समोरच्याकडे विचारणा जाते. त्यानंतरची पायरी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, नाशिकला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. बिल किंवा पावती न देणं हा याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत धरलाय, आणि तुमच्या १५,००० ची पावती अजून मिळालेली नाही हे विसरू नका. तरी मनापासून सांगते, दहा हजारांच्या वादासाठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही आणि आलीच तर तारखांना वेळ जातो. कोणी घरी येऊन धमकावलं तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

विम्याचं. दोन हजारांची मर्यादा बऱ्याच जुन्या पॉलिसींमध्ये असते, त्यामुळे कंपनीचं म्हणणं खोटं नसेल. पण पॉलिसीचा कागद उघडून ती मर्यादा 'वर्षाला' आहे की 'प्रत्येक दाखल होण्याला' आहे ते पाहा. आबा जळगावला दाखल झाले, मग नाशिकला झाले. मर्यादा प्रत्येक वेळी दाखल होण्याला असेल तर नाशिकचा प्रवास नाशिकला दाखल होण्यात आणि चोपडा-जळगावचा जळगावला दाखल होण्यात बसू शकतो, चोपड्याहून आणणारी गाडीही रुग्णवाहिका असेल तर. तुमची ती भाड्याची जीप होती, त्यामुळे तिचं जमणार नाही. पण हे वाचणाऱ्या कोणाच्या दोन्ही गाड्या रुग्णवाहिका असतील तर दोन्ही पावत्या लावा, लोक हटकून एकच लावतात. दाव्यासोबत जळगावच्या डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या की रुग्णाला हलवणं गरजेचं होतं आणि ती सोय इथे नव्हती. कंपनीने नियमाबाहेर नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

चोपडा ते जळगाव या पहिल्या टप्प्याबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे १०८ ला फोन करता आला असता. २०१४ पासून ही सेवा राज्यात आहे, मोफत आहे, आणि जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. घाईत कोणालाच ते सुचत नाही, जीप दारात असते. पण जीपमध्ये ऑक्सिजन नसतो आणि शॉक देण्याचं यंत्र नसतं, आणि झटक्याच्या पहिल्या तासात तेच लागतं. दुसऱ्या शहरातल्या आपल्या पसंतीच्या खासगी रुग्णालयात हलवायला १०८ वर विसंबून राहता येत नाही, पण फोन करून विचारायला काहीच जात नाही. बाळंतीण आणि एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ असेल तर १०२ लक्षात ठेवा. सरकारी दवाखान्यात नेणं, तिथून मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवणं आणि घरी सोडणं, तिन्ही मोफत.

आता पुढचा महिना. आबा घरात फिरतात, जेवतात, असं लिहिलंय. बायपाससाठी त्यांना रुग्णवाहिकेनेच न्यायला हवं का, हा प्रश्न नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर विचारा, गाडीवाल्याला नको. स्थिर असलेले बरेच रुग्ण बसून जाऊ शकतात. त्यांनी परवानगी दिली तर जळगावहून रेल्वेने जा. हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, ते रुग्णालयातूनच भरून घ्या. एसटीने न्यायचं ठरलं तर आबांना ६५ पूर्ण झाल्यामुळे अर्धं तिकीट आहे.

रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का तेही आताच विचारा. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. शिधापत्रिका आणि आधार घेऊन शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी त्यांना भेटा, आदल्या दिवशी नको, मंजुरीला वेळ लागतो. त्या योजनेत रुग्णवाहिका बसत नाही, पण सुटी झाल्यावर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं असतं, आणि ते मागितल्याशिवाय सहसा कोणी हातात ठेवत नाही.

डॉक्टर म्हणाले की रुग्णवाहिकाच हवी, तर यावेळी तुमच्याकडे दिवस आहेत. तीन मालकांना फोन करा. बी की सी की डी, येऊन-जाऊन किती, सोबत कोण, वेगळं काय, हे विचारून आलेलं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागवा. बसून जाऊ शकणाऱ्या माणसाला सहसा डी गाडी लागत नाही, बी पुरते, पण तेही डॉक्टरांनाच विचारून घ्या. निघताना मीटरचा फोटो धाकट्या भावाला काढायला सांगा. नाशिकचा कॅज्युअल्टीचा कागद मिळाला की त्यावर व्हेंटिलेटरबद्दल काय लिहिलंय ते मला कळवा, मग मालकाला पाठवायच्या पत्रातला आकडा आपण मिळून पक्का करू.